बाकी काही नाही

४ फेब्रुवारी

ताई,

मायना नीट लिहीत बसत नाही, रागावू नकोस. दुकानात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय आणि समोर अकरा चष्मे काचांची वाट बघत पडलेत. फोनच करणार होते. पण फोन ह्यांच्या खाटेच्या उशाशी, आणि तुझे कान हे असे. तुला काही सांगायचं तर ते आधी खालच्या मजल्याला कळतं, मग तुला. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. का, ते विचारू नकोस.

ह्यांचं सांगते. (आधीच्या मिस्टरांना मी 'ते' म्हणते, आताच्यांना 'हे'. मागच्या वेळी तू गोंधळ केलास आणि गेलेल्या माणसाची तब्येत विचारलीस.) हे शाळेच्या भिंतीवर नाव रंगवत होते. शेवटचं अक्षर झालं आणि कसं दिसतंय बघायला एक पाऊल मागे आले. परांचीवर! इतकी वर्षं जमिनीवर उभं राहून हेच केलेलं, पायांना काय माहीत आपण कुठे आहोत ते. मांडीचं हाड मधोमध मोडलं. आत रॉड घातलाय. अक्षर मात्र छान आलंय म्हणतात. दवाखान्यातून मला दोनदा जाऊन बघून यायला लावलं.

घरी येऊन दहा दिवस झाले. सोडताना डॉक्टरांनी दारातच सांगितलं, "तीन महिने या पायावर भार नाही, ओढाताण नाही, बाकी काही नाही." मी अक्षरन् अक्षर पाळतेय. अंग पुसणं, भांडं देणं, गोळ्या, पायाचे व्यायाम. सवय आहेच मला. 'त्यांचं' चार वर्षं केलं, ह्यांचं तर तीनच महिने. मी आतल्या खोलीत झोपते. बाहेर खाट एकच आहे, आणि झोपेत माझा पाय लागलाबिगला तर काय घ्या.

आता एक दुसरंच. दुकानात एक ओळखीच्या बाई येतात. त्यांच्याही मिस्टरांचं हाड मोडलंय. मांडीचंच. त्यांचंही लग्न उशिरा झालेलं, नवंच म्हण ना. त्यांना विचारायचं होतं की अशा वेळी नवरा-बायकोने किती दिवस... म्हणजे जपायचं ते सगळ्याच बाबतीत का? डॉक्टर तरुण आहे, मिसरूड आत्ता कुठे फुटलंय, त्याला कोणत्या तोंडाने विचारणार. तू तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात सिस्टर होतीस, म्हणून म्हटलं विचारून बघावं.

घाई नाही. पण लवकर लिही.

तुझी,
धाकटी

·

११ फेब्रुवारी

धाकटे,

तुझ्या दुकानातल्या बाईला माझा नमस्कार सांग. तिचं नाक तुझ्यासारखंच अपरं आहे का गं? एकाच महिन्यात, एकाच गावात, उशिरा लग्न केलेल्या दोन नवऱ्यांची एकच मांडी मोडावी म्हणजे त्या डॉक्टरची चंगळच. बरं, लाजायचं तर लाज. मी त्या बाईलाच उत्तर देते.

तिला म्हणावं, घाबरू नकोस. पुरुषाचं हाड मोडतं, खोड मोडत नाही. पायाला वजनं टांगलेली असताना सिस्टरचा हात धरायला बघणारे महाभाग मी पाहिलेत. एकाला तर मी धरायला हात दिला आणि दुसऱ्या हाताने इंजेक्शन टोचलं. त्यानंतर तो मला 'आई' म्हणायला लागला.

तीन महिने म्हणजे तीन महिने. तू स्वभावाने मऊ, तुझ्याच्याने तोंडावर नाही म्हणवणार नाही, हे मला ठाऊक आहे. 'त्यांचं' चार वर्षं उपसलंस, तेव्हाही कधी 'दमले' म्हणाली नाहीस. आता जरा कुठे बरे दिवस आले तर हे दुखणं, आणि वर हा त्रास. पेंटर माणूस सज्जन वाटला होता मला. लग्नाला होकार मीच दिला होता, तेव्हा निस्तरायचंही मीच. त्या बाईने नवऱ्याशी एक अक्षर बोलायची गरज नाही. मी बघते.

दूध पितेस ना? हाडं तुलाही आहेत.

ताई

·

११ फेब्रुवारी

पेंटर,

तुमची तब्येत सुधारत असल्याचं बहिणीकडून कळलं. समाधान वाटलं.

वडीलकीच्या नात्याने एक सांगते. हाड जुळायला तीन गोष्टी लागतात: कॅल्शियम, झोप आणि संयम. पहिलीची गोळी मिळते, दुसरीचीही मिळते. तिसरीची अजून निघालेली नाही, ती ज्याची त्याने घरीच तयार करायची असते.

माझी बहीण दिवसभर दुकानात काचा घासते आणि सकाळ-संध्याकाळ तुमचं करते. त्याहून अधिक कसली अपेक्षा तिच्याकडून तूर्त ठेवू नये. ती बोलणार नाही. म्हणून मी बोलले. याहून स्पष्ट लिहायला लावू नका.

पायाची बोटं दर तासाला हलवावीत.

आपली,
ताई

·

२० फेब्रुवारी

आदरणीय ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मी बोर्ड रंगवणारा माणूस. लोक कागदावर जे लिहून देतात ते भिंतीवर उतरवायचं, अर्थाच्या भानगडीत पडायचं नाही, असा आमचा धंदा. पण तुमच्या पत्राचा अर्थ लागला, आणि लागल्यापासून मला तोंड वर करून कुणाकडे बघवत नाही.

ताई, मी तिच्याकडे काही मागितलेलं नाही. एका शब्दाने नाही. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती माझी पाठ पुसत होती, तेव्हा मी तिचा हात धरला. धरला म्हणजे काय, त्यावर हात ठेवला. ती थांबली. मग हात काढून घेतला, "पाणी थंड झालं" म्हणाली आणि भांडं घेऊन आत गेली. पाणी थंड झालेलं नव्हतं, वाफ येत होती. त्या दिवसापासून ती आत झोपते. मी तेव्हाच समजायला हवं होतं. पण तिने ते तुम्हाला कळवावं, इतकं तिला ते लागलं असेल, हे मला कळलं नाही.

आमच्या लग्नाला अकरा आठवडे झाले होते. चष्मा करायला म्हणून तिच्या दुकानात गेलो आणि दांडी सैल आहे, दांडी घट्ट आहे असं सांगत पुढे चार वेळा गेलो. दांडीला काही झालेलं नव्हतं, हे तिलाही दिसत होतं. मी त्रेपन्न वर्षांचा होईपर्यंत कुणाबरोबर घर केलं नव्हतं. त्या अकरा आठवड्यांबद्दल तुम्हाला लिहिणं बरं दिसत नाही. एवढंच लिहितो, की मला वाटायचं हे बाकी सगळ्या जगाला आधीपासून माहीत होतं आणि मला मात्र कुणी सांगितलं नाही.

आता ती खोलीत येते ती नर्ससारखी. क्षमा करा, तुमच्या पेशाला बोल लावत नाही. पण ती चादर ओढते, उशी थोपटते, थर्मामीटर झटकते, आणि मला दिसतं की ती मला बघत नाहीये, 'त्यांना' बघतेय. जे एकदा चार वर्षं भोगलं ते पुन्हा तिच्या पदरात घालायला मी लग्न केलं नव्हतं.

म्हणून मी ठरवलंय. माझ्याबरोबर बोर्डांचं काम करणारा जोडीदार आहे, त्याच्या कारखान्यामागे तळमजल्यावर खोली आहे. त्याची आई घरातच असते, जेवणाखाण्याची अडचण नाही. पहिल्या तारखेला, शनिवारी, तो टेम्पो घेऊन येतोय. पाय चालायला लागला की बघू. तेव्हाही तिला वाटलं तरच.

तिला रविवारी सांगेन. हे पत्र मात्र आपल्यातच ठेवा. तसं ते पेटीत तीच टाकणार आहे, मला जिना उतरता येत नाही. "एवढं काय लिहिताय ताईला?" म्हणून विचारत होती. औषधांबद्दल, म्हटलं. पाकिटाला दोनदा डिंक लावलाय.

बोटं हलवतो आहे.

आपला नम्र,
पेंटर

·

२४ फेब्रुवारी

ताई,

ह्यांना काय लिहिलंस तू? खरं सांग.

तुझं पत्र आल्यापासून हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. पाणी दिलं की 'आभारी आहे' म्हणतात. गोळी दिली की 'आभारी आहे'. काल भांडं उचललं तर म्हणाले, "तुझे उपकार कसे फेडू?" मी म्हटलं, अहो, भांडं आहे ते. मग म्हणाले, शनिवारी मी जोडीदाराकडे राहायला जातोय, तुला जरा उसंत मिळेल. उसंत! मी मागितली होती उसंत?

आता लाजून भागणार नाही. दुकानातली बाई मीच, हे तू ओळखलंस. त्यात काही मोठं नाही, ते कुणीही ओळखलं असतं. पण पुढचं सगळं चुकलीस. हे कधीच काही म्हणाले नव्हते. विचारणारी मी होते, ताई. माझ्यासाठी विचारत होते.

तुला काय वाटलं, असलं काही फक्त पुरुषांनाच वाटतं?

रागाने लिहितेय, पण लिहू दे. 'त्यांचं' अंग मी चार वर्षं पुसलं. पहिल्या वर्षी ते नवरा होते. मग हळूहळू ते एक काम झालं. हा हात, हा खांदा, ही पाठ, इथे पावडर, तिथे मलम. त्यांच्या शेवटच्या दिवसांत मला वाटायचं, माणसाला हात लावण्याची माझी सगळी गोडीच पुसून गेली. तसंच आयुष्य जाणार हे मी धरून चालले होते. मग हे आले, दांडी सैल झाली म्हणून.

आणि आता ह्यांची पाठ पुसायला बसले की माझं ते काम होतच नाही, ताई. हात खांद्यावरून निघायला नको म्हणतो. एक दिवस ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि माझा मलाच भरवसा राहिला नाही. मी पाणी थंड झालं असं काहीतरी बरळून पळाले. आतल्या खोलीत जाऊन कपाटाला डोकं टेकून उभी राहिले. पन्नाशीला टेकलेली बाई! म्हणून आत झोपते. ह्यांच्यापासून नव्हे, माझ्यापासून ह्यांचा पाय वाचवायला. डॉक्टर म्हणाले होते ना, भार नाही, ओढाताण नाही, बाकी काही नाही. मला सारखा तो रॉड दिसतो, वाकलेला. चार दिवसांच्या सुखासाठी माणूस जन्माचा लंगडा केला असं व्हायचं.

आणि हे समजतात की मला किळस येते. तसं बोलत नाहीत, पण 'आभारी आहे' मधून मला ऐकू येतं.

मी काय करू? शनिवार जवळ आला. आणि या वेळी मला 'मी बघते' असं लिहू नकोस.

धाकटी

·

२६ फेब्रुवारी, जलद टपालाने

धाकटे,

चुकले. दोन्हीकडे चुकले, आणि दोन्हीकडे रुबाबात चुकले.

तीस वर्षं मी त्या वॉर्डात काढली. घरी जाणाऱ्या प्रत्येकाला मी दारापर्यंत सोडायला जायचे, कागद हातात द्यायचे, कुबड्या कशा धरायच्या ते दाखवायचे. आणि कितीतरी जण दारात घुटमळायचे. "सिस्टर, अजून एक विचारायचं होतं." मी म्हणायचे, "हं, विचारा पटकन." मग ते म्हणायचे, "काही नाही, असू द्या." पुरुष असायचे, बायकाही असायच्या. एक तर खुब्याचं हाड मोडलेली पासष्टीची बाई होती, तिचा नवरा बाहेर टोपी हातात धरून उभा. मला वाटायचं, लोक किती विसरभोळे! धाकटे, मी एवढी हुशार बाई, तीस वर्षांत मला एकदाही कळलं नाही की त्यांना काय विचारायचं असेल. का कळायला नको होतं म्हणून कळलं नाही, कोण जाणे.

आता उत्तर. पहिल्याच पत्राला द्यायला हवं होतं ते.

रॉड वाकत नाही. त्यावर माणूस चालणार असतो पुढे आयुष्यभर, तू काय त्याहून जड आहेस? शस्त्रक्रियेला सहा आठवडे होत आले. टाके भरले असतील, दुखणं आटोक्यात असेल, तर नवरा-बायकोने जवळ येण्याला सहसा बंदी नसते. त्यांनी उताणं पडायचं. गुडघ्याखाली आणि मांडीखाली उशी, पाय बाहेर वळणार नाही अशी. मोडक्या पायावर भार नको, त्यांचाही आणि तुझाही. पीळ नको, झटका नको. बाकीचं तुझ्यावर. दुखलं की थांबायचं, दात-ओठ खाऊन मर्दुमकी दाखवायची नाही, हे त्यांना बजाव. कडक वेदनाशामक किंवा झोपेची गोळी घेतली असेल तेव्हा नको, कारण तेव्हा दुखलेलं कळत नाही. पोटरी सुजली, लाल झाली, दम लागला, तर सगळं टाकून तडक दवाखाना. आणि एवढं करूनही सगळं जमलंच पाहिजे असं नाही. नुसतं शेजारी झोपलं तरी हाड काही तक्रार करत नाही.

पण मी पेंटरांचा एक्स-रे पाहिलेला नाही. तेव्हा आधी डॉक्टरांना विचार. तोंडाने, मोठ्याने. मिसरूड फुटलंय ना त्याला, मग चालेल.

पेंटरांना मी आता काही लिहीत नाही. माझं एक पत्र त्यांना पुरून उरलं. त्याऐवजी त्यांचं पत्र तुला पाठवतेय, सोबत जोडलंय. आपल्यातच ठेवा म्हणाले होते. तीस वर्षांत मी कुठल्या रोग्याचा कागद दुसऱ्याला दाखवला नाही, आज दाखवतेय. तूच ते पेटीत टाकलं होतंस. वाच, आणि काय करायचं ते कर.

ताई

·

१२ मार्च

आदरणीय ताई,

माझं पत्र तुम्ही तिला दिलंत. दोन दिवस मी तुमच्यावर रागावलो होतो. आता नाही.

शनिवारी काय झालं ते तिने तुम्हाला लिहिलं नसणार, म्हणून मी लिहितो. दुपारी जोडीदार आला. त्याने, टेम्पोवाल्याने आणि खालच्या शिंप्याने मला खुर्चीला बांधलं आणि उचललं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, जिना अरुंद. पहिल्या वळणापर्यंत आलो तेव्हा खालून ही वर येताना दिसली. दुकानातला निळा एप्रन अंगात तसाच, हातात तुमचं पाकीट. धापा टाकत होती.

"खुर्ची वर घ्या," म्हणाली.

जोडीदार म्हणाला, "वहिनी, अहो अर्धा जिना उतरलोय."

"मग अर्धाच चढायचाय."

शिंप्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अगं, मी तुझ्याच भल्यासाठी..."

"माझं भलं तुम्ही मला विचारलंत? ताईला विचारलंत. मीही ताईलाच विचारलं. एका घरात राहून दोघं टपालाने बोलतोय, आणि तिकिटं मी चिकटवतेय!" मग जिन्यात तीन माणसं खुर्ची धरून उभी असताना ती म्हणाली, "पाणी थंड नव्हतं. मला माहीत आहे. वाफ येत होती. मी पळाले ते तुम्ही नको होतात म्हणून नव्हे."

बोलता बोलता तिचा चेहरा लाल झाला, तो कानांपर्यंत. बोर्डाच्या धंद्यात तीस वर्षं काढलीत, लाल रंगाच्या बऱ्याच छटा माहीत होत्या, ही नव्हती. टेम्पोवाला जिन्याच्या कठड्याकडे फार लक्ष देऊन बघायला लागला. जोडीदार हळूच म्हणाला, "उचला रे." मला वर नेलं. शिंप्याने जाताना दार लोटून घेतलं.

सोमवारी तपासणी होती. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, म्हणाले उत्तम जुळतंय, काही शंका? मी नेहमीसारखा नाही म्हणणार, तेवढ्यात ही म्हणाली, "आहे." आणि विचारलं. सरळ. तुम्ही लिहिलं होतंत तसं, तोंडाने, मोठ्याने. डॉक्टर एक्स-रेकडेच बघत राहिले, जणू उत्तर तिथे छापलंय. मग म्हणाले, "म्हणजे... भार द्यायचा नाही."

"कुणी कुणावर?" हिने विचारलं.

तेव्हा कुठे त्यांनी एक्स-रे खाली ठेवला आणि नीट सगळं सांगितलं. तुमच्यासारखंच, फक्त लाजत. हिने विचारलं, मग घरी सोडताना तुम्ही 'बाकी काही नाही' का म्हणालात? ते म्हणाले, "अहो, म्हणजे बाकी काही काळजी नाही. बोलणं संपवताना म्हणतोच ना आपण तसं?"

ताई, त्या तीन शब्दांनी आमचे पाच आठवडे खाल्ले.

यापुढे तुम्हाला काही लिहायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलंय. म्हणजे पत्र लिहू, पण याबद्दल नाही. फक्त इतकंच कळवतो की आतल्या खोलीतली गादी उचलून बाहेर आणली आहे आणि उशा कमी पडल्या म्हणून शेजारून दोन मागून घेतल्या. शेजारणीने विचारलं, पाहुणे येणार आहेत का?

आपला,
पेंटर

·

१४ एप्रिल

ताई,

अक्षर बघून दचकू नकोस. हे ह्यांचं आहे. मी सांगतेय आणि हे लिहितायत, कारण माझं उजवं मनगट मोडलंय. वीस मार्चला. तुला कळवलं नाही कारण तू कसं मोडलं ते विचारलं असतंस.

आता सांगते. तुझ्या कागदाप्रमाणे सगळं केलं होतं. उशा जागच्या जागी, ह्यांचा पाय जागच्या जागी. ह्यांना तसूभर काही झालं नाही. मी खाटेवरून उतरायला गेले आणि ह्यांच्या वॉकरमध्ये माझा पाय अडकला. पडले ती हातावर. तू तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात होतीस, पण पेशंटच्या जोडीदाराला वॉकर कुठे ठेवावा याबद्दल एक ओळ लिहिली नाहीस.

(ताई, वॉकर मीच तिथे ठेवला होता. ती हे सांगत नाही म्हणून मी लिहितो. — पेंटर)

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात? मी म्हणाले जिन्यावरून, हे त्याच क्षणी म्हणाले न्हाणीघरात. डॉक्टरांनी आळीपाळीने दोघांकडे बघितलं आणि कागदावर 'घरात' असं लिहिलं. बाहेर पडताना मात्र त्यांनी आम्हाला थांबवलं. म्हणाले, तुम्ही त्या दिवशी विचारल्यापासून मी प्रत्येक पेशंटला आपणहून सांगतो. अजून एक्स-रेकडे बघूनच सांगतो, पण सांगतो. तुला बरं वाटेल म्हणून कळवलं.

आता घरात आमच्या दोघांचे मिळून चांगले हात तीन, दोन ह्यांचे, एक माझा, आणि पायही तीन. हाड लवकर जुळलं म्हणून डॉक्टरांनी ह्यांना काठी घेऊन चालायची परवानगी दिलीय, म्हणून सगळं हे करतात. चहा करतात, तो वाईट करतात. प्लास्टरचा हात माझ्या कशातच शिरत नाही म्हणून मी ह्यांचे शर्ट घालते, रंगाचे डाग पडलेले. आज निळ्या डागाचा आहे. केस हे विंचरतात. आधी फार ओढायचे, आता बरं जमतं. माझी पाठ हे पुसतात, ताई. पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन बघतात, फार कढत नाही ना. चार वर्षं आणि मग हे सात-आठ आठवडे मी दुसऱ्यांच्या पाठी पुसल्या. मला कधी प्रश्नच पडला नव्हता की पुसून घेताना कसं वाटतं. पहिल्या दिवशी मला रडूच आलं. ह्यांना वाटलं हात दुखला. घाबरून फोनच उचलायला निघाले.

(खरंच घाबरलो होतो. — पेंटर)

मध्ये मध्ये लिहू नका, मी सांगते तेवढंच लिहा.

(हेही तिने सांगितलं, म्हणून लिहिलं.)

प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. मग दुकान. मालकांनी जागा ठेवलीय, पण काचांचा ढीग साचलाय. तू तेव्हा ये. पण आधी कळवून ये, अचानक येऊ नकोस.

आणि ताई, एक तुला म्हणून सांगते, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. शर्टाच्या गुंड्या आहेत ना, त्या मला गेले दहा दिवस डाव्या हाताने लावता येतात. काढताही येतात.

ताई, वरचं वाक्य मी लिहून झाल्यावर मला कळलं की मी काय लिहिलं. मी पेन थांबवून तिच्याकडे बघितलं. ती खिडकीतून बाहेर समोरच्या इमारतीवरचा बोर्ड वाचत होती. तो मीच रंगवलेला आहे, त्यात वाचण्यासारखं काही नाही. गेले दहा दिवस मी सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच गुंड्या सांभाळून, एकेक करून, हात दुखू नये म्हणून श्वास धरून लावतो आहे.

मी विचारलं, "पुढे काय लिहू?"

"पुढचं काय, झालं. पत्र बंद करा," म्हणाली. आणि शर्टाची वरची गुंडी, जी सकाळी मीच लावली होती, ती तिने डाव्या हाताने काढली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, "ही सुटलीय बघा."

सकाळचे अकरा वाजलेत. पत्र इथेच संपवतो.

आपला,
पेंटर